मनाईच्या अमलात जन्मलेली खेळाडू

ब्राझील देशात १९४१ च्या एप्रिलात, जेतुलिओ वार्गस यांच्या एकतंत्री अमलात, क्रीडासंस्थांच्या बंदोबस्तासाठी जे फर्मान निघाले, त्याच्या ५४ व्या कलमान्वये स्त्रियांना त्यांच्या प्रकृतीशी विसंगत अशा खेळांची मनाई करण्यात आली; कलमात फुटबॉलचे नाव नव्हते, पण १९६५ साली, लष्करी राजवटीत, तेही दप्तरी दाखल झाले. ज्या राष्ट्राने याच काळात पुरुषांचा विश्वचषक तीनदा जिंकला, त्याने आपल्या निम्म्या प्रजेला चेंडूपासून दूर ठेवण्यासाठी कायदा राबवावा, हे सकृद्दर्शनी विलक्षण वाटते. परंतु स्त्रिया खेळतच नसत्या, तर हुकूम काढण्याची तसदी कोणी घेतली असती?

ही मनाई १९७९ साली उठली. तत्पूर्वी, ३ मार्च १९७८ रोजी, बाहिया प्रांतातील साल्वादोर शहरी मिराइल्देस मासिएल मोता जन्मली होती. जग तिला फॉर्मिगा या नावाने ओळखते. सरकारी मनाई उठली तरी घरची कायम होती: मुलांत मिसळून खेळणाऱ्या या बहिणीला भावांचाच विरोध होता, आणि पाठराखण केली ती आईने.

१९९५ ते २०१९ या अवधीत ती सात विश्वचषक स्पर्धा खेळली, आणि १९९६ पासून ऑलिंपिकही सात. २००४ व २००८ साली रौप्यपदक मिळाले, २००७ च्या विश्वचषकात उपविजेतेपद. सुवर्ण मात्र हुकले ते हुकलेच. मधल्या फळीत, बचावपटूंच्या पुढ्यात उभे राहून प्रतिस्पर्ध्याची चाल उमलण्यापूर्वीच खुडावयाची, हिसकावलेला चेंडू दोन पावलांत मार्तासारख्या आघाडीच्या खेळाडूच्या स्वाधीन करावयाचा आणि पुन्हा आपल्या जागी परतावयाचे, हे तिचे काम. वर्तमानपत्री वृत्तान्तात त्याची दखल क्वचितच घेतली जाते, आणि माझ्या मते फुटबॉलच्या इतिहासलेखनातील हा मोठाच अन्याय आहे. २०१६ साली तिने राष्ट्रीय संघातून निवृत्ती पत्करली खरी, पण तिची जागा भरून निघेना, म्हणून २०१८ मध्ये संघाने तिला परत बोलावले.

राष्ट्रीय संघाकडून तिचा अखेरचा सामना २५ नोव्हेंबर २०२१ रोजी मानौस येथे झाला, आणि प्रतिस्पर्धी होता भारत. त्रेचाळीस वर्षांची फॉर्मिगा उत्तरार्धात बदली खेळाडू म्हणून उतरली. ब्राझीलने ६–१ असा विजय मिळवला. भारताचा तो एकमेव गोल मनीषा कल्याण हिने, ब्राझीलचा पहिला गोल झाल्यावर थोड्याच वेळात, केला होता.