कोनाड्यातली वेल

1423 चा हिवाळा. तुम्ही अहमदाबादेत आहात. सुलतान अहमदशाहने साबरमतीकाठी वसवलेलं हे शहर अजून जेमतेम बारा वर्षांचं आहे. भद्र किल्ल्याकडून पूर्वेला चालत या, तीन दरवाजा ओलांडा. मशीद दिसण्याआधी छिन्न्यांचा आवाज कानावर येतो. जुम्मा मशिदीचं काम संपत आलं आहे.

अंगणभर पिवळसर वालुकाश्माची धूळ उडते आहे. मधल्या मोठ्या कमानीच्या बाजूला, मिनाराच्या पायथ्याशी बसलेल्या त्या शिल्प्याजवळ टेका. तो कोनाडा कोरतो आहे. दोन्हीकडे इवलेसे खांब, वर शिखरासारखी निमुळती रचना, खाली एकावर एक नक्षीचे थर. हे देवकोष्ठ तुम्ही पाहिलेलं आहे, देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर. तिथे आत देव उभा असतो. इथे शिल्पी वेल कोरतो आहे. मूर्ती नको, एवढंच त्याला सांगितलेलं आहे. बाकी सगळं बापाकडून शिकलेलं. पान वळताना देठाशी तो छिन्नी किंचित तिरपी धरतो, आणि दगडाची कड कागदासारखी पातळ होते.

आता आत चला. 250 हून अधिक खांबांमधून वाट काढत मान वर करा. कमान इराणकडून आली, पण छत इथलंच आहे. चौकोनी खणाच्या कोपऱ्यांवर तुळया आडव्या टाकून अष्टकोन केला, मग दगडाचा एकेक थर थोडाथोडा आत सरकवत वर्तुळ मिटवत नेलं. बाहेरून घुमट, आतून रंगमंडपाचं छत. गुजरातच्या कारागिरांना देवळं बांधून ही रीत तोंडपाठ होती. मधल्या भागाची उंची वाढवून बाजूंना जाळ्या बसवल्या आहेत. त्यातून ऊन गाळून येतं, वारा खेळता राहतो. या हवेत कसं बांधायचं हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

हे सगळं प्रेमाने घडलं असं मात्र समजू नका. याच सुलतानाने सिद्धपूरचं रुद्रमहालय हे देऊळ फोडलं. भद्रातल्या त्याच्या 1414 च्या मशिदीत जुन्या देवळांचे खांब उभे आहेत. मला हे विसरून या कोरीवकामाचं कौतुक करता येत नाही. पण ते खांब उचलून आणलेले होते आणि ही वेल इथे, या जागेसाठी कोरली जाते आहे, हा फरकही तेवढाच खरा आहे. सत्ता देऊळ पाडू शकली. शिल्प्याच्या हाताला लागलेलं वळण तिला बदलता आलं नाही, आणि शहाणपणाने तिने ते बदलूही पाहिलं नाही.

पुढे सरका, 1573. शहरातच, सिदी सय्यदच्या मशिदीत, या वेलीचं झाड झालं आहे: अर्धवर्तुळाकार जाळीत फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, मधून आभाळ दिसतं. मग 16 जून 1819. कच्छच्या भूकंपाने जमीन हलते आणि जुम्मा मशिदीचे उंच मिनार कोसळतात.

बुंधे उरले, आणि ते अजून उभे आहेत. अहमदाबादला गेलात तर माणेक चौकात खाऊन तसेच परत फिरू नका. मशीद तिथेच, हाकेच्या अंतरावर आहे. नमाजाची वेळ टाळून जा, चपला बाहेर काढा आणि मधल्या कमानीच्या दोन्ही बाजूंचे कोनाडे जवळून बघा.