मोबाइल माहितीवहन जाल

हातात बाळगता येणाऱ्या दूरध्वनी संचाकडे व संचाकडून अक्षरे, चित्रे, ध्वनी इ. अंकीय स्वरूपातील माहिती रेडिओ तरंगांद्वारे वाहून नेणाऱ्या केंद्रांच्या व्यवस्थेस मोबाइल माहितीवहन जाल म्हणतात. या व्यवस्थेच्या तंत्रविद्येत साधारणपणे दर दहा वर्षांनी मोठा बदल झाला व प्रत्येक बदलास ‘पिढी’ (२-जी, ३-जी, ४-जी, ५-जी) असे नाव पडले. हे नाव सोयीचे असले, तरी काहीसे फसवे आहे. नवी पिढी आली की जुनी आपोआप नाहीशी होते, असे घडलेले नाही. अनेक देशांत तिसरी पिढी दुसरीच्या आधी बंद करण्यात आली, तर चौथ्या पिढीला साधे संभाषण घडवून आणण्यासाठी कित्येक वर्षे आपल्या पूर्वसूरींचाच आधार घ्यावा लागला.

जालाची मूळ कल्पना अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डिसेंबर १९४७ मध्ये मांडली गेली. शहराचे लहान लहान विभाग (कोशिका) पाडून प्रत्येकात कमी शक्तीचे केंद्र ठेवावयाचे आणि एकमेकांपासून पुरेशा दूर असलेल्या विभागांत तीच कंप्रता पुन्हा वापरावयाची, असे तिचे स्वरूप होते. प्रत्यक्ष सार्वजनिक सेवा सुरू होण्यास मात्र १९७९ साल उजाडले. ती टोकिओत सुरू झाली. त्यानंतर १९८१ मध्ये उत्तर यूरोपात व १९८३ मध्ये शिकागो येथे अशी जाले उभी राहिली. ही सर्व सदृश पद्धतीची असून त्यांचा उपयोग बोलण्यापुरताच होता.

माहितीवहनाच्या वेगाला मर्यादा कोठून येते, हे क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये दाखवून दिले होते. उपलब्ध कंप्रता-पट्ट्याची रुंदी आणि संकेताचे गोंगाटाशी असलेले गुणोत्तर या दोन राशींवर ही मर्यादा ठरते. पहिली राशी दुप्पट केल्यास क्षमताही दुप्पट होते; दुसरी वाढविल्याने होणारा लाभ मात्र उत्तरोत्तर घटत जातो. पुढील चार दशकांतील सर्व पिढ्यांचा इतिहास हा या मर्यादेच्या जवळ जाण्याचा व अधिक रुंद पट्टे मिळविण्याचा इतिहास आहे.

दुसरी पिढी : यूरोपीय देशांनी एकत्र येऊन तयार केलेल्या जीएसएम या अंकीय पद्धतीची सार्वजनिक सेवा १९९१ मध्ये फिनलंडमध्ये सुरू झाली. तीत २०० किलोहर्ट्‌झ रुंदीच्या प्रत्येक वाहक तरंगाचे काळाच्या दृष्टीने आठ भाग पाडलेले असतात. प्रत्येक संचाने आपली पाळी आली की क्षणमात्र प्रेषण करावयाचे व पुन्हा गप्प राहावयाचे. ही पाळी सेकंदाला सु. २१७ वेळा येते. मोबाइल संच रेडिओजवळ ठेवला असता घंटी वाजण्यापूर्वी जो टकटक आवाज ऐकू येत असे, तो याच स्पंदांचा होय.

या पद्धतीने माहिती पाठविणे प्रारंभी दूरध्वनी लावण्यासारखेच होते. संच व केंद्र यांच्यामध्ये एक मंडल जोडले जाई. पान वाचताना माणूस थांबला, तरी ते मंडल अडकून राही आणि आकार मिनिटांवर पडत असे. वेग सेकंदाला ९,६०० बिट एवढाच होता. त्यामानाने लघुसंदेशाची सोय अगदीच साधी, पण अधिक फलद्रूप ठरली. पहिला लघुसंदेश डिसेंबर १९९२ मध्ये इंग्लंडमध्ये पाठविण्यात आला. तो बोलण्याच्या मार्गाने न जाता जालाच्या नियंत्रण-संकेतांच्या मार्गाने जात असल्यामुळे त्याची मर्यादा १४० अष्टके एवढी आखून दिलेली होती. रोमन लिपीतील १६० अक्षरे तीत बसत. देवनागरीसाठी प्रत्येक चिन्हास दोन अष्टके लागत असल्याने मराठी संदेशाच्या वाट्याला ७० चिन्हेच येत, व काना, मात्रा, वेलांटी ही स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजली जात. मराठी मजकूर रोमन अक्षरांत लिहिण्याची जी सवय त्या काळात पडली, तिच्यामागे कळफलकाच्या अडचणीइतकाच या गणिताचाही वाटा आहे.

सन २००० च्या सुमारास जीपीआरएस ही पद्धत जीएसएमवर चढविण्यात आली. तीत मंडल जोडण्याऐवजी माहितीची लहान लहान पॅकेटे करून, मार्ग मोकळा असेल तेव्हा ती पाठविली जातात. या कल्पनेचा विकास पॉल बॅरन व डॉनल्ड डेव्हिस यांनी १९६० नंतरच्या दशकात संगणकांच्या जालासाठी केला होता. यामुळे संच सतत जोडलेला राहू लागला आणि आकारणी वेळेऐवजी माहितीच्या परिमाणावर होऊ लागली. वेगातील वाढीपेक्षा हा बदल अधिक मूलगामी होता. आठही कालखंड व सर्वांत सौम्य चूक-दुरुस्ती योजना वापरल्यास सेकंदाला १७१.२ किलोबिट वेग मिळू शकतो, असे जाहिरातींतून सांगितले जाई. प्रत्यक्षात ग्राहकाच्या हाती तीस-चाळीस किलोबिट पडत. शिवाय बोलणाऱ्यांना बहुधा अग्रक्रम असल्याने सायंकाळच्या गर्दीत माहितीसाठी जागाच उरत नसे.

एज या २००३ पासून वापरात आलेल्या सुधारणेत कालखंड तेच ठेवून विरूपणाची पद्धत बदलली. एका संकेतचिन्हात एका बिटाऐवजी तीन बिट भरले जाऊ लागले व वेगाची कमाल मर्यादा सु. ४७३ किलोबिटांपर्यंत गेली. मात्र तीन बिट ओळखण्यासाठी संकेत स्वच्छ असावा लागतो. मनोऱ्यापासून दूर गेल्यावर संच निमूटपणे जुन्या पद्धतीवर येत असे. हा नियम पुढील सर्व पिढ्यांना लागू आहे. चौथ्या पिढीत एका चिन्हात सहा व पुढे आठ बिट बसविण्यात आले, तरी कोशिकेच्या कडेला बसलेल्या माणसाला त्यांचा लाभ फारसा मिळत नाही.

तिसरी पिढी : जपानमध्ये ऑक्टोबर २००१ मध्ये तिसऱ्या पिढीची पहिली व्यापारी सेवा सुरू झाली. तीत काळाचे भाग पाडण्याची पद्धत सोडून देण्यात आली. ५ मेगॅहर्ट्‌झ रुंदीच्या एकाच पट्ट्यात सर्व संच एकाच वेळी प्रेषण करतात व प्रत्येकाचा संकेत त्याला दिलेल्या सांकेतिक क्रमावरून वेगळा काढला जातो. एका दालनात अनेक जोड्या वेगवेगळ्या भाषांतून बोलत असता ज्याला जी भाषा येते ती त्याने ऐकावी, त्यातलाच हा प्रकार. पण एखादा मोठ्याने ओरडू लागला की सर्वांचेच बिघडते. म्हणून जवळच्या संचाने दूरच्या संचाला झाकून टाकू नये यासाठी प्रत्येक संचाची शक्ती सेकंदाला १,५०० वेळा कमीजास्त करावी लागे. गर्दी वाढली की परस्परांचा व्यत्यय वाढून कोशिकेचा व्याप आकुंचन पावे. कडेच्या घरांना सकाळी मिळणारी सेवा रात्री मिळेनाशी होई.

यूरोपीय शासनांनी या पिढीचे पट्टे २००० मध्ये लिलावाने विकले. ब्रिटनला त्यातून सु. २२.५ अब्ज पौंड व जर्मनीला सु. ५० अब्ज यूरो मिळाले. एवढा खर्च करून उभारलेल्या जालाचा प्रारंभीचा वेग ३८४ किलोबिट होता आणि त्याला साजेसे संचही बाजारात नव्हते. तिसरी पिढी खऱ्या अर्थाने उपयोगी पडू लागली ती २००५ नंतर. कोणत्या संचाला केव्हा माहिती द्यावयाची याचा निर्णय तेव्हा दूरच्या नियंत्रकाकडून काढून मनोऱ्यावरील केंद्राकडे देण्यात आला व वेग काही मेगॅबिटांवर गेला.

चौथी व पाचवी पिढी : स्टॉकहोम व ऑस्लो येथे डिसेंबर २००९ मध्ये सुरू झालेल्या चौथ्या पिढीच्या सेवेत रुंद पट्ट्याचे १५ किलोहर्ट्‌झ अंतरावरील शेकडो अरुंद उपवाहकांत विभाजन केलेले असते. इमारतींवरून परावर्तित होऊन उशिरा पोहोचणाऱ्या प्रतिध्वनींचा उपद्रव त्यामुळे पुष्कळ कमी होतो. एकाच वेळी अनेक आकाशकांद्वारे निरनिराळे प्रवाह पाठविण्याची युक्तीही या पिढीत सर्रास वापरात आली. ३० लक्ष अष्टकांचे एक छायाचित्र मूळ जीएसएमच्या ९,६०० बिटांच्या वेगाने आणावयास सु. ४२ मिनिटे लागतात. ४० किलोबिटांच्या जीपीआरएसने १० मिनिटे, प्रारंभीच्या तिसऱ्या पिढीने जेमतेम एक मिनिट, तर २० मेगॅबिटांच्या चौथ्या पिढीने सव्वा सेकंद.

या पिढीत मंडले जोडणारा भाग मुळातच ठेवलेला नाही. सर्व व्यवहार पॅकेटांचा. परिणामी बोलण्याचे काय, हा प्रश्न उभा राहिला. प्रारंभी उपाय असा होता, की दूरध्वनी आला की संचाने चौथी पिढी सोडून क्षणभर दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीवर उतरावे व बोलणे झाले की परत वर यावे. आवाजाचीच पॅकेटे करून पाठविण्याची पद्धत नंतर प्रचारात आली, पण ती प्रत्येक संचाला अवगत नव्हती. जुनी जाले बंद करताना जो घोळ झाला, त्याचे मूळ येथे आहे.

पाचव्या पिढीची सेवा एप्रिल २०१९ मध्ये दक्षिण कोरियात व अमेरिकेत सुरू झाली. विरूपणाची तत्त्वे बहुतांशी पूर्वीचीच असून वेग वाढला तो मुख्यतः ३.५ गिगॅहर्ट्‌झच्या आसपासचे रुंद पट्टे व केंद्रावरील अनेक आकाशकांचे संच यांमुळे. मिलिमीटर लांबीचे तरंगही या पिढीत योजले गेले. असे तरंग जगदीशचंद्र बोस यांनी १८९० नंतरच्या दशकात कलकत्त्यात निर्माण करून दाखविले होते. भिंत व झाड यांच्यापुढे ते दुबळे पडत असल्याने त्यांचा विस्तार अद्याप मर्यादित आहे.

भारत : भारतात मोबाइल दूरध्वनी सेवेचा प्रारंभ ३१ जुलै १९९५ रोजी झाला. तिसऱ्या पिढीची सेवा सरकारी कंपन्यांनी २००८-०९ मध्ये सुरू केली, तर खाजगी कंपन्यांसाठी २०१० मध्ये लिलाव होऊन शासनास सु. ६७,७०० कोटी रु. मिळाले. लिलावात प्रत्येक यशस्वी कंपनीच्या वाट्यास एका परिमंडळात ५ मेगॅहर्ट्‌झच्या पट्ट्याची एकच जोडी आली. तिसऱ्या पिढीचा एक वाहक तरंगच तेवढी जागा व्यापत असल्याने दाट वस्तीच्या शहरांत ही सेवा लवकरच कोंडली. चौथी पिढी एप्रिल २०१२ मध्ये कलकत्त्यात व त्याच वर्षी पुण्यातही आली. पण तिचा देशव्यापी प्रसार सप्टेंबर २०१६ मध्ये केवळ चौथ्या पिढीचेच जाल असलेली रिलायन्स जिओ ही कंपनी बाजारात उतरल्यावर झाला. पाचव्या पिढीचे उद्‌घाटन १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाले.

जुन्या व नव्या पिढ्यांतील अंतर म्हणजे काय, याचा अनुभव जम्मू व काश्मीरमधील लोकांना अनिच्छेने आला. ऑगस्ट २०१९ मध्ये तेथील सर्व संदेशवहन बंद करण्यात आले. जानेवारी २०२० च्या अखेरीस मोबाइलवरील माहितीवहन पुन्हा सुरू झाले, ते फक्त दुसऱ्या पिढीच्या वेगाने व प्रारंभी ठराविक संकेतस्थळांपुरते. दहशतवाद्यांकडून होणारा गैरवापर रोखण्यासाठी हे आवश्यक असल्याचे शासनाचे म्हणणे होते. मार्चमध्ये करोना साथीमुळे शाळा बंद होऊन वर्ग दूरचित्रांद्वारे भरू लागले, तेव्हा या वेगाने शिकणे शक्य नव्हते. वैद्यकीय माहिती मिळविण्यातही अडथळे येतात, अशी तक्रार सर्वोच्च न्यायालयात करण्यात आली. न्यायालयाने ११ मे २०२० रोजी हा प्रश्न एका विशेष समितीकडे सोपविला. दोन जिल्ह्यांत ऑगस्ट २०२० मध्ये चौथी पिढी परत आली, उर्वरित प्रदेशात ५ फेब्रुवारी २०२१ रोजी. जानेवारी २०२० नंतरच्या त्या साधारण वर्षभरात तेथील संच तेच होते. कमी केला होता तो केवळ वेग.

जुन्या जालांची समाप्ती : एकच कंप्रता-पट्टा नव्या पिढीला दिल्यास त्यातून कितीतरी अधिक माहिती जाते. म्हणून जुनी जाले बंद करणे कंपन्यांच्या दृष्टीने किफायतशीर ठरते. भारतात एअरटेलने २०१९ मध्ये कलकत्ता परिमंडळापासून तिसरी पिढी बंद करण्यास आरंभ केला, पण दुसरी चालू ठेवली. यूरोपातील अनेक कंपन्यांनीही हेच केले, आणि त्यामागे तर्क आहे. तिसऱ्या पिढीचे ग्राहक नवा संच घेऊन चौथीत जाऊ शकत होते. दुसऱ्या पिढीवर मात्र विजेची मापके, धोक्याच्या सूचना देणारी यंत्रे आणि सर्वांत स्वस्त संच वापरणारी माणसे अवलंबून होती. यूरोपीय संघाने मार्च २०१८ पासून नव्या प्रकारच्या मोटारगाड्यांत सक्तीची केलेली, अपघात होताच आपोआप मदत मागणारी व्यवस्थाही जुन्या जालांच्याच आधाराने रचलेली होती.

ऑस्ट्रेलियात दुसरी पिढी आधीच गेलेली असल्याने तिसरी बंद करण्याची वेळ आली, तेव्हा एक गंभीर दोष उघडकीस आला. चौथ्या पिढीवर नेहमीचे बोलणे व्यवस्थित करणारे काही संच ००० हा आणीबाणीचा क्रमांक लावताना मात्र तिसऱ्या पिढीचाच शोध घेत. धारकाला याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. शेवटी बंद करण्याची तारीख पुढे ढकलून ऑक्टोबरअखेर, २०२४ ही ठरविण्यात आली आणि अशा संचांना जालातून पूर्णपणे वगळण्याचा आदेश कंपन्यांना देण्यात आला.

भारतात २०२४ मध्येही कोट्यवधी लोक दुसऱ्या पिढीचेच संच वापरीत होते. त्यांच्यासाठी २०१४ मध्ये देशभर सुरू केलेली *९९# ही बँक-व्यवहाराची सोय माहितीवहनाचा मुळीच वापर करीत नाही. लघुसंदेशाप्रमाणे तीही जीएसएमच्या नियंत्रण-संकेतांवर चालते. ब्रिटनमध्ये तिसरी पिढी त्याआधीच बहुतांशी बंद झाली असून दुसरी पिढी २०३३ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करावयाची, असे शासन व कंपन्या यांच्यात ठरले आहे.