ऋतुमान आणि मराठी स्वयंपाकघर

कल्याणीचा चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात राजभोजनाचे सविस्तर वर्णन आढळते. परंतु ज्या साध्या, सकस अन्नावर या मुलखातील रयत पिढ्यान्‌पिढ्या पोसली गेली, त्याचे दप्तर कोणी ठेवले नाही, ते सणवारांच्या आचारांतच सुरक्षित राहिले.

शीतकाळी जठराग्नी प्रबळ असतो, हा आयुर्वेदाचा सिद्धान्त ज्या गृहिणीने कधी वाचला नव्हता, तिनेही भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि वांगी, गाजर, पावटा, हरभरा यांची एकत्र भाजी रांधली. चैत्रात कैरीचे पन्हे व वाटली डाळ केली. ग्रीष्मात ताक घालून नाचणीची अंबील दिली. आणि वैशाखाच्या उन्हात पापड, कुरडया, सांडगे वाळवून पावसाळ्याची बेगमी केली, कारण त्या महिन्यांत ताज्या भाजीचा भरवसा नसे आणि टाकळ्यासारख्या रानभाज्या व कडधान्ये यांवरच कुटुंबाचा निर्वाह चाले.

पोर्तुगीजांच्या अमदानीत मूळची अमेरिकेतील मिरची येथे आली आणि तिखटपणासाठी मिरी, आले, सुंठ यांवर असलेली भिस्त कमी झाली. पुढे भुईमूगही रुजला. जिन्नस बदलले, तरी ऋतूनुसार रांधण्याचा दंडक टिकला. बारमाही बाजाराच्या आजच्या काळात प्रत्येक कुटुंबाने तो निष्ठेने जपावा, कारण कोणत्याही राजभोजनापेक्षा महाराष्ट्राचे आरोग्य त्यानेच अधिक राखले आहे.