मौलाना हसरत मोहानी : पक्ष अनेक, इमान एक

विद्यार्थी मित्रांनो, ‘निकाह’ (१९८२) या चित्रपटातील गुलाम अलींनी गायिलेली गझल आपण ऐकली असेल. ती लिहिणारे मौलाना हसरत मोहानी उभे आयुष्य राजकारणात होते, हे थोड्यांनाच ठाऊक असते. ज्यांना ठाऊक असते ते हटकून विचारतात : काँग्रेस, मुस्लिम लीग, कम्युनिस्ट, हा गृहस्थ नेमका कोणाचा?

उन्नाव जिल्ह्यातील मोहान गावचे हे सय्यद फजलुल हसन. अलीगढची पदवी म्हणजे त्या काळी सरकारी नोकरीची वाट. ती सोडून १९०३ साली त्यांनी ‘उर्दू-ए-मुअल्ला’ हे मासिक काढले. लोकमान्य टिळकांना ते राजकारणातील गुरू मानीत. १९०७ साली सुरतेला काँग्रेस फुटली तेव्हा ते टिळकांच्या बाजूला राहिले. जून १९०८ मध्ये दोघांनाही राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. मौलानांचा अपराध कोणता? इजिप्तमधील इंग्रजांच्या धोरणावर टीका करणारा एक निनावी लेख त्यांनी छापला होता. लेखकाचे नाव सांगितले असते तर शिक्षा टळण्याचा संभव होता. ते त्यांनी सांगितले नाही. लेखाची सर्व जबाबदारी आपल्या शिरावर घेतली. सक्तमजुरी झाली, ग्रंथसंग्रह लिलावात गेला. तुरुंगात जात्यावर धान्य दळता दळता रमजान आला. सहरीची सोय नाही, इफ्तारीची नाही. रोजे मात्र चुकले नाहीत.

पालकहो, या काळात त्यांच्या पत्नी निशातुन्निसा बेगम पतीच्या पाठीशी खंबीरपणे उभ्या राहिल्या. शिकलेली स्त्री घराला कसा आधार देते, हे येथे वेगळे सांगायला नको.

डिसेंबर १९२१ मध्ये अहमदाबादेत मौलानांनी काँग्रेसपुढे संपूर्ण स्वातंत्र्याचा ठराव मांडला. गांधीजींनी विरोध केला आणि ठराव पडला. काँग्रेसने तीच मागणी स्वीकारली ती १९२९ साली, लाहोरला! त्याच अहमदाबादेत, त्याच महिन्यात, मौलाना लीगच्या अधिवेशनाचे अध्यक्षही होते. त्या भाषणाबद्दल पुन्हा तुरुंग. १९२३ साली आपल्या पुण्याच्या येरवडा तुरुंगात त्यांनी श्रीकृष्णावर कविता लिहिल्या. नमाज-रोजाचे पक्के, अनेकदा हज केलेले मौलाना आणि कृष्णभक्ती? त्यांना यात विसंगती वाटत नव्हती. आपल्या पीरांच्या परंपरेतच हे प्रेम आहे, असे ते सांगत.

१९२५ साली कानपूरच्या पहिल्या कम्युनिस्ट परिषदेचे ते स्वागताध्यक्ष झाले. भांडवलशाहीला इस्लामचा विरोधच आहे, असे त्यांचे प्रतिपादन. कम्युनिस्टांना त्यांची तसबी पचली नसेल, लीगवाल्यांना त्यांचा लाल रंग. सर्वच बाबतींत त्यांचे बरोबर होते, असे मी म्हणत नाही. लीगच्या राजकारणाने पुढे जे वळण घेतले, त्याची किंमत आपण सर्वांनी मोजली. पण एवढे पाहा : पक्ष बदलले तेव्हा त्यांच्या पदरात पद पडले नाही, पैसा तर नाहीच. परक्या सत्तेपुढे मान तुकवायची नाही, हा त्यांच्या इमानाचाच भाग होता, आणि पक्ष त्याला अडवू लागला की ते त्या पक्षाशी भांडत.

लीगतर्फे ते घटना समितीत गेले. फाळणीनंतर मात्र येथेच राहिले. मे १९४९ मध्ये भारताने राष्ट्रकुलात राहण्याचा प्रश्न आला, तेव्हा नेहरूंच्या प्रस्तावाला सभागृहात विरोध करणाऱ्या मोजक्या सभासदांत हे वृद्ध मौलाना होते. १३ मे १९५१ रोजी लखनौ येथे त्यांचे निधन झाले.