तांबड्या निशाणापासून कॅमेऱ्यापर्यंत

राजनांदगावचे काम आटोपून रायपूरला परतत होतो. साडेदहाला बैठक होती आणि निघायलाच उशीर झाला होता. घड्याळाकडे पाहून मी चालकाला एवढेच म्हणालो, "भैया, जरा जल्दी." बैठकीला वेळेवर पोहोचलो. दहा-बारा दिवसांनी कचेरीत वेगमर्यादा ओलांडल्याची नोटीस आली. सोबत गाडीचे छायाचित्र, वेळ आणि वेग. चालकाने ती पाहिली आणि मान खाली घालून म्हणाला, "साहब, मैं भर दूँगा." कचेरीची रीतही तशीच होती.

रक्कम फार मोठी नव्हती. पण त्या वाक्याने मी अस्वस्थ झालो आणि कायद्याचे पुस्तक उघडले.

वेगाचा कायदा मोटारीहून जुना आहे. इंग्लंडमध्ये 1865 साली रस्त्यावरील वाफेच्या इंजिनांसाठी गावात ताशी 2 मैल आणि गावाबाहेर 4 मैल अशी मर्यादा घातली गेली, आणि पुढे तांबडे निशाण घेऊन एक माणूस चालवण्याची सक्ती झाली. जानेवारी 1896 मध्ये केंट परगण्यात वॉल्टर अर्नोल्ड या गृहस्थाने 2 मैलांच्या हद्दीत ताशी 8 मैलांनी मोटार हाकली. सायकलवरील शिपायाने पाठलाग करून त्यास पकडले. वेगाबद्दल दंड झाला 1 शिलिंग. आज हा किस्सा गमतीने सांगितला जातो. मात्र त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही पादचारी स्त्री मोटारीखाली मरण पावली. असे पुन्हा घडू नये, अशी आशा चौकशी अधिकाऱ्याने व्यक्त केली होती. भारतात 2022 या एका वर्षात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांतील 71 टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या सदरात नोंदले गेले.

आपल्याकडे पहिला अखिल भारतीय मोटार कायदा 1914 चा. त्याची जागा 1939 च्या कायद्याने घेतली आणि त्याची 1988 च्या कायद्याने. या शेवटच्या कायद्याचे कलम 183 हे अतिवेगाचे कलम. पहिल्या गुन्ह्यास दंड होता 400 रुपयांपर्यंत. 2019 च्या दुरुस्तीने हलक्या वाहनास तो 1,000 ते 2,000 आणि मध्यम व अवजड वाहनास 2,000 ते 4,000 रुपये झाला. दंडाचे आकडे बहुतेकांस ठाऊक असतात. मला थांबवले ते त्याच कलमातील इतर तरतुदींनी.

पहिली अशी की, "मला गाडी वेगात वाटली" एवढ्या एका साक्षीदाराच्या मतावर कुणास दोषी ठरवता येत नाही. ते मत यंत्राच्या मोजमापावर आधारलेले हवे. म्हणजे ज्या कॅमेऱ्यावर आपण चिडतो, तोच नागरिकाला शिपायाच्या लहरीपासून वाचवणाराही आहे.

दुसरी अशी की, गाडी हाकणाऱ्याप्रमाणेच आपल्या नोकराला मर्यादेबाहेर हाकायला लावणाराही दोषी असतो. आणि तिसरी याहून मार्मिक. वेग मोडल्याशिवाय पाळता येणार नाही असे वेळापत्रक किंवा असा हुकूम कुणी काढला, तर तो हुकूमच त्याच्याविरुद्ध सकृद्दर्शनी पुरावा ठरतो.

"जरा जल्दी" हा माझा हुकूमच होता. तो तोंडी होता म्हणून पुरावा उरला नाही, इतकेच. दंड मी भरला. चालकाला ते रुचले नाही. साहेबाने दंड भरावा हे त्याला आपल्या कामावर बोट ठेवल्यासारखे वाटले. त्याची समजूत घालायला दंड भरण्याहून अधिक वेळ लागला. त्यानंतर दौऱ्याच्या दिवशी दुपारपूर्वी बैठक ठेवायची नाही, असा नियम मी स्वतःपुरता केला.

प्रशासनात जबाबदारी उतरणीच्या पाण्यासारखी खाली वाहते आणि सर्वांत खालच्या माणसापाशी साचते. 2019 च्या दुरुस्तीने तिला थोडे वर चढवण्याचा यत्न केला आहे. रस्त्याची आखणी वा देखभाल ठरलेल्या मानकांनुसार नसल्याने मृत्यू ओढवला, तर कलम 198-अ खाली संबंधित यंत्रणा व कंत्राटदार यांना 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तरतूद आहे, ती वापरणारे हात हवेत.

रायपूरच्या मराठी मंडळींना नागपूरचा रस्ता माहेरच्या वाटेसारखा. भोसल्यांच्या काळापासून या दोन गावांचे येणे-जाणे आहे. सणाला पहाटे गाडी निघते आणि भंडारा येण्याआधीच घरून फोन सुरू होतात, "कुठवर आलात? जेवायला थांबलोय." मायेपोटी केलेले का असेना, तेही एक वेळापत्रकच. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला लागणारे अंतर चौपट होते, हे गणित फोन करणाऱ्या काकूंना ठाऊक नसते. तेव्हा पुढच्या खेपेस त्यांना आधीच सांगून ठेवावे, "तुम्ही जेवून घ्या. आम्ही येतो सावकाश."