१९७७ चा फ्लू : थांबलेल्या घड्याळाची गोष्ट

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण १९१८ च्या साथीबद्दल बोललो. आज त्याच विषाणूच्या वंशजाची एक चमत्कारिक गोष्ट बघू.

आधी थोडी उजळणी. फ्लूच्या विषाणूवर दोन प्रकारची प्रथिनं काट्यांसारखी उभी असतात. हिमॅग्लुटिनिन, म्हणजे ‘एच’, हे पेशीला चिकटतं. न्यूरामिनिडेज, म्हणजे ‘एन’, हे तयार झालेल्या नव्या विषाणूंना पेशीपासून सोडवतं. आपलं शरीर विषाणूला ओळखतं ते मुख्यतः या दोघांवरून. विषाणूची नक्कल होताना चुका होतात. ज्या चुकीमुळे ओळख पटत नाही, ती टिकते. त्यामुळे ही प्रथिनं वर्षागणिक थोडीथोडी बदलत राहतात. हे एक प्रकारचं घड्याळच म्हणा ना! नमुना हातात आला, की तो साधारण कोणत्या काळातला हे सांगता येतं.

कधी कधी मात्र अख्खं प्रथिनच बदलतं. १९५७ मध्ये पक्ष्यांच्या विषाणूकडून नवे एच आणि एन आले. एच२एन२ ची साथ जगभर पसरली आणि माणसांतला जुना एच१एन१ नाहीसा झाला. १९६८ मध्ये पुन्हा एच बदलला, एन तोच राहिला. एच३एन२ आला, एच२एन२ गेला.

आणि १९७७ मध्ये, वीस वर्षं गायब असलेला एच१एन१ परत आला! आधी चीनमध्ये, मग सोव्हिएत संघात. म्हणून नाव पडलं ‘रशियन फ्लू’. आजारी पडत होती ती मुख्यतः पंचविशीच्या आतली मंडळी. थोरांच्या शरीराला हा विषाणू आठवत होता. जानेवारी १९७८ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या हवाई दल अकादमीत ३,००० हून अधिक, म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश कॅडेट आजारी पडले.

१९७८ मध्येच नाकाजिमा, डेसेलबर्गर आणि पालेझे या संशोधकांनी या विषाणूच्या आरएनएची जुन्या नमुन्यांशी तुलना केली. तो १९५० च्या सुमाराच्या विषाणूंशी विलक्षण जुळला. आता विचार करा, पाव शतक माणसांत फिरणारा विषाणू न बदलता राहीलच कसा? घड्याळ थांबलं होतं, म्हणजे विषाणू गोठवलेला असणार. प्रयोगशाळेतून निसटला की एखाद्या लसीच्या चाचणीतून, याचा निकाल आजही लागलेला नाही. पण निसर्गात तो असा जपला गेला असेल, असं फार कमी जण मानतात.

तुम्ही म्हणाल, ही तर जुनी गोष्ट झाली. नाही. २००५ मध्ये प्रयोगशाळांची गुणवत्ता तपासण्यासाठी पाठवलेल्या संचांत चक्क एच२एन२ निघाला, तोच १९६८ पासून गायब असलेला. संच अनेक देशांतल्या हजारो प्रयोगशाळांत पोचले होते. कॅनडातल्या एका प्रयोगशाळेनं तो ओळखला आणि जागतिक आरोग्य संघटनेनं नमुने तातडीनं नष्ट करायला लावले. साथ आली नाही.

पण हिशेब करून बघा. १९६८ नंतर जन्मलेल्या कुणाच्याही शरीराला एच२ ची ओळख नाही, आणि दरवर्षी अशी माणसं वाढतच आहेत. विषाणू फ्रीझरमध्ये आहे तसाच राहतो. आपण मात्र त्याला विसरत जातो. म्हणून जुना नमुना जितका जुना होईल, तितकी त्याच्यावरची कुलपं पक्की हवीत.