सर्व्हरची डिस्क भरते तेव्हा...

लिनक्स सर्व्हरची डिस्क पूर्ण भरली, की ई-मेल अडते आणि डेटाबेसमध्ये नव्या नोंदी होत नाहीत. अशा वेळी आधी मोजमाप आणि मग साफसफाई, हाच क्रम सुरक्षित ठरतो.

‘डीएफ’ ही आज्ञा डिस्कच्या प्रत्येक विभागात किती जागा उरली ते सांगते, तर ‘डीयू’ कोणत्या डिरेक्टरीने किती जागा व्यापली ते दाखवते. अनेकदा साचलेल्या लॉग फाइली हेच मूळ असते. मात्र मोठी फाइल पुसूनही काही वेळा जागा मोकळी होत नाही. पुसल्यावर फाइलीचे केवळ नाव नाहीसे होते. एखाद्या प्रोग्रॅमने ती उघडी ठेवली असेल, तर तो ती बंद करीपर्यंत जागा अडलेलीच राहते. ‘एलएसओएफ’ या आज्ञेने असा प्रोग्रॅम शोधून तो पुन्हा सुरू करावा.

जागा शिल्लक असूनही डिस्क भरल्याचा संदेश आल्यास ‘डीएफ’द्वारेच आयनोड तपासावेत. असंख्य चिमुकल्या फाइलींमुळे ते संपलेले असू शकतात.

नावावरून मात्र फसू नये. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या ‘पीजी-एक्सलॉग’ डिरेक्टरीतील फाइली निरुपयोगी लॉग समजून पुसल्या जात व माहिती कायमची गमावली जाई. अखेर २०१७ मधील दहाव्या आवृत्तीत या डिरेक्टरीचे नावच बदलून ‘पीजी-वॉल’ करण्यात आले. डेटाबेसच्या फाइलींना म्हणूनच हात लावू नये. लॉग फाइलींसाठी ‘लॉगरोटेट’ची नियमित योजना करणे, हाच टिकाऊ उपाय होय.